तुला कोण बोलावेल आणि कशासाठी

प्रिय मित्रा,

तुझा लांबलचक मेसेज वाचला. इकडे बँकेच्या बास्केटबॉल संघातून नोकरीचं बोलणं चालू आहे, तिकडे एजंट परदेशातल्या दुसऱ्या दर्जाच्या लीगमध्ये सहा महिन्यांचा करार मिळवून देतो म्हणतोय, आणि आई म्हणते, सरांना विचार. म्हणजे नकार द्यायचं काम माझ्या गळ्यात. मी नकार देणार नाही. पण ज्या धंद्यात शिरायला निघाला आहेस तो आधी बघून घे.

तुझ्या भिंतीवर स्टेफ करीचं पोस्टर आहे. ते राहू दे, पण अभ्यास इश स्मिथचा कर. उंची सहा फूट, तुझ्याएवढीच. 2010 च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघ नवे खेळाडू निवडतात तेव्हा, त्याला कुणीही निवडलं नाही. तरी तो एनबीएत, अमेरिकेतल्या त्या सगळ्यात मोठ्या लीगमध्ये, 2024 पर्यंत टिकला आणि 13 वेगवेगळ्या संघांकडून खेळला, हा विक्रम आहे. तेरावा संघ डेन्व्हर. 2023 ला त्यांनी विजेतेपद मिळवलं तेव्हा प्लेऑफमध्ये हा मुख्यतः बेंचवरच होता. आता सांग, इतक्या ठिकाणांहून निघालेल्या माणसाला तेराव्या संघाने का घ्यावं? कारण त्याचं काम सगळ्यांना ठाऊक होतं. मुख्य पॉइंट गार्ड, म्हणजे बॉल पुढे नेऊन खेळ चालवणारा, दमला की हा येणार, वेगाने बॉल पलीकडे नेणार, फुकट घालवणार नाही, आणि कोचला त्याला काही समजावत बसावं लागणार नाही.

तुझं असं एक काम कोणतं? लांबून तीन पॉइंटचे थ्री बरे मारतोस, पण तेवढ्यासाठी तुला विमानाचं तिकीट कुणी पाठवणार नाही. समोरच्या गार्डला कोर्टभर छळत राहतोस, ती तुझी खोड मात्र विकली जाईल. हायलाइटच्या व्हिडिओत तेच नाही, नुसते डंकचे, उडी मारून बॉल रिंगमध्ये कोंबायचे प्रयत्न आहेत. (तो दुसरा डंक रिंगला लागून बाहेर आला होता, कापायला हवा होता.) आणि एक कडू गोष्ट. बहुतेक लीगमध्ये परदेशी खेळाडूंच्या जागा मोजक्या असतात, आणि क्लब त्या बास्केटजवळ खेळणाऱ्या उंच सेंटरला नाहीतर दर सामन्यात भरपूर पॉइंट करणाऱ्याला देतात. सहा फुटी भारतीय गार्डचा नंबर फार मागे लागतो. एजंट हे सांगत नसेल तर त्याला विचार.

एनबीएत दहा दिवसांचा करार असतो. 5 जानेवारीपासून देता येतो. दहा दिवस किंवा तीन सामने, जे जास्त भरेल तेवढा. एका हंगामात एका संघाकडून असे दोनच मिळतात, मग उरलेल्या हंगामासाठी ठेवायचं किंवा सोडायचं. सिम भुल्लर 2015 च्या एप्रिलमध्ये सॅक्रामेंटोकडून असाच आला आणि एनबीएत खेळणारा भारतीय वंशाचा पहिला खेळाडू ठरला. साडेसात फुटांच्या आसपासचा माणूस, पण पुढची बरीच कारकीर्द तैवानमध्ये काढली. दहा दिवसांत निम्मा वेळ सामने आणि विमानं. प्रॅक्टिस जवळपास नाहीच. आदल्या रात्री पोचलेल्या खेळाडूला दुसऱ्या दिवशी संघाचे सेट, म्हणजे ठरवलेल्या चाली, माहीत असावे लागतात, आणि नुसती स्वतःची जागा नाही, पाचही. उद्यापासून प्रॅक्टिसला नवीन सेट झाला की घरी जाऊन पाचही जणांच्या हालचाली वहीत काढ. मी कधीही मागेन.

तू बास्केटबॉल मोबाईलवर एनबीए बघून शिकलास, त्याचाही त्रास होणार आहे. बाहेरच्या लीग फिबाच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघाच्या नियमांनी खेळतात. सामना 48 नाही, 40 मिनिटांचा. थ्रीची रेषा 7.24 नाही, 6.75 मीटरवर. बॉल एकदा रिंगला लागला की डिफेंडर तो रिंगवरून सरळ उडवून लावू शकतो, एनबीएत ते चालत नाही. आणि एनबीएत डिफेंडरला कुणाला अडवत नसताना बास्केटखाली तीन सेकंदांपेक्षा जास्त थांबता येत नाही, तो नियम फिबात नाही. म्हणजे उंच माणूस बास्केटखाली तळ ठोकून उभा राहतो. तुझा तो उजवीकडून आत घुसायचा लाडका ड्राइव्ह त्याच्या छातीवर जाऊन आपटेल. फ्लोटर शिक, उंच माणसाच्या डोक्यावरून हलकेच टाकायचा शॉट. बालेवाडीच्या शिबिरात हेच सांगितलं होतं, तेव्हा तू हसला होतास.

आता नोकरी. आपल्याकडे नुसत्या लीगच्या भरवशावर घर चालेल असं मी म्हणणार नाही. 2015 ला यूबीए ही बास्केटबॉल लीग आपल्याकडे आली, तिच्यात पुणे पेशवाज हा आपला संघही होता. डेक्कनवर पोरं त्याच गप्पा मारायची. 2017 नंतर लीग थांबली. रेल्वे, सेनादल, ओएनजीसी, इंडियन ओव्हरसीज बँक या संघांनी मात्र पिढ्यान्‌पिढ्या खेळाडू पोसले. विशेष भृगुवंशी हा खेळाडू ओएनजीसीचा. 2017 ला ऑस्ट्रेलियातल्या ॲडलेड थर्टीसिक्सर्सनी त्याला प्रशिक्षण करारावर घेतलं. माझं मत विचारशील तर बँकेची नोकरी घे, पण रुजू होण्याआधी परदेशी खेळायला बिनपगारी रजा मिळते का ते लेखी विचार. तोंडी 'बघू की' हे उत्तर समजू नकोस.

एजंटच्या कागदाबद्दल. पगाराच्या तारखा, राहण्याची सोय, येण्याजाण्याचं तिकीट, दुखापत झाली तर उपचार कुणाचे, आणि मधेच काढलं तर किती पैसे देणार, हे सगळं करारात हवं. पगार थकवणं या धंद्यात नवीन नाही. आपल्याच एका मुलाचे शेवटच्या दोन महिन्यांचे पैसे एका क्लबने दिलेच नाहीत, आणि त्याच्या करारात दाद मागायचं कलमच नव्हतं. फिबाने 2007 ला अशा तंट्यांसाठी लवाद उभा केला, आज तो 'बॅट' म्हणून ओळखला जातो. पण वाद तिथे नेण्याचं कलम करारात असेल तरच तो सहसा तुझा अर्ज ऐकतो. ते कलम नसेल तर सही नाही. देश बदलताना आपल्या फेडरेशनचं क्लिअरन्स पत्रही लागतं, ते क्लब मागवतो की तुला धावपळ करावी लागते ते आधीच ठरव. 'टुरिस्ट व्हिसावर या, बाकीचं इथे बघू' म्हणाले तर फोन ठेव.

लक्ष्मी रोडवरच्या त्या दुकानातली पावडर बंद कर. तुझ्या शरीरात जे सापडेल त्याला जबाबदार तूच, डब्यावर छापलेलं नव्हतं एवढं सांगून नाडाकडून, म्हणजे उत्तेजकांची तपासणी करणाऱ्या संस्थेकडून, सुटका होत नाही.

कराराचा मसुदा आला की मला पाठव, फोटो काढून नको, पूर्ण पीडीएफ. एक वकील ओळखीचे आहेत, ते बघतील, पैसे घेणार नाहीत. आणि आईला म्हणावं, सरांनी अजून हो म्हटलेलं नाही.

तुझा,
सर