यकृत सावरलं, पण मांसाचं काय?

प्रिय,

अनेक आशीर्वाद.

तुझ्या प्रयोगाचा आराखडा वाचला. तिलापिया मासे, पाण्यात कॅडमियम हा विषारी धातू, त्यावर उतारा म्हणून खाद्यात क जीवनसत्त्व आणि शेवटी यकृतातल्या एन्झाइमांची मोजणी. विषय चांगला आहे. फक्त खाद्यातला पूरक घटक धातूला नेमका कुठे गाठणार, याचा उल्लेख त्यात नाही, आणि सगळी मेख तिथेच आहे.

पाण्यातलं कॅडमियम कल्ल्यांमध्ये कॅल्शियमच्या वाटेनेच आत घुसतं. म्हणून तर रेनबो ट्राउटच्या खाद्यात कॅल्शियम वाढवलं की कल्ल्यांतून होणारं कॅडमियमचं शोषण घटतं. ही झाली दारातली अडवणूक. क आणि ई जीवनसत्त्वांचं काम धातू आत आल्यानंतरचं. कॅडमियम ग्लुटाथायोन हे पेशीतलं संरक्षक द्रव्य अडकवून ठेवतं, पेशीपटलातली मेदाम्लं ऑक्सिडीकरणाने खराब होऊ लागतात, ती नासाडी ही जीवनसत्त्वं रोखतात. धातू मात्र शरीरातच राहू शकतो. खाद्यात मिसळायचे लॅक्टोबॅसिलससारखे जिवाणू पुन्हा निराळे: त्यांच्या पेशीभित्तीला धातू आतड्यातच चिकटतो आणि विष्ठेवाटे निघून जातो.

क जीवनसत्त्वाबद्दल जरा जास्त लिहितो, कारण घोटाळे इथेच होतात. बहुतेक अस्थिमत्स्यांना ते स्वतः बनवता येत नाही, खाद्यातूनच मिळावं लागतं. तुझ्या मूळ खाद्यातच ते कमी असेल, तर पूरक दिलेल्या गटात दिसणारा फायदा हा विषबाधेवरचा उपाय की निव्वळ कमतरता भरून निघाली, हे सांगता येणार नाही. त्यासाठी धातू न देता फक्त पूरक दिलेला गट हवाच. तो तू गाळला आहेस. शिवाय साधं ॲस्कॉर्बिक आम्ल साठवणीत नासतं आणि पाण्यात विरघळून जातं. फॉस्फेट जोडलेलं स्थिर रूप घे, आणि पिशवीवरच्या आकड्यावर न जाता तयार खाद्यात ते किती उरलं हे मोज. पाण्यातल्या कॅडमियमचंही तसंच: किती टाकलं ते वेगळं, किती सापडलं ते वेगळं. पाण्याचा कठीणपणाही (म्हणजे त्यातले कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार) नोंदव, कठीण पाण्यात कॅडमियमची बाधा सौम्य होते.

विषबाधा झालेला मासा कमी खातो. म्हणजे ज्याला पूरकाची सर्वांत जास्त गरज, त्याच्याच पोटात ते कमी जातं! उरलेलं खाद्य रोज काढून तोलल्याशिवाय मात्रेबद्दल बोलू नकोस.

एन्झाइमांचे आकडे वाचताना घाई नको. कॅटालेज हे ऑक्सिडीकरणापासून वाचवणारं एन्झाइम सौम्य ताणात वाढू शकतं, ताण फार झाला की कोसळतं. त्यामुळे एका दिवसाचा सुटा आकडा दोन्ही बाजूंनी बोलतो.

पुढे पाऱ्यावर सेलेनियम वापरून पाहायचा तुझा विचार आहे. ते पाऱ्याला घट्ट धरतं हे खरं, पण त्याची गरजेची मात्रा आणि घातक मात्रा यांत अंतर फार थोडं. नॉर्थ कॅरोलायनातल्या बेलूज तलावात 1970च्या दशकात वीजकेंद्राच्या राखेच्या पाण्यातून सेलेनियम उतरलं आणि माशांच्या बहुतेक जाती नाहीशा झाल्या.

आणि मांस तपास. कॅडमियम मुख्यतः मूत्रपिंडात आणि यकृतात साठतं, मिथाइल पारा (पाऱ्याचं सेंद्रिय रूप) मात्र स्नायूंत, म्हणजे खाणाऱ्याच्या ताटात. यकृत सावरलेला मासा खाण्याजोगा आहे, असं निष्कर्षात लिहायचं असेल तर स्नायूंतला धातू मोजलेला हवा.

एका टाकीतले दहा मासे म्हणजे सांख्यिकीत एकच नमुना. प्रत्येक गटाला किमान तीन टाक्या मिळतात का बघ आणि मासे आणण्याआधी मला कळव.

तुझा,
जुना मार्गदर्शक