अणुकेंद्रातील अतिप्रवाहिता संमीलनाला साथ देते की आडकाठी करते?

गुहागरच्या एका सदस्याने विचारले आहे की, अतिप्रवाही द्रवात घर्षण नसते, तर अतिप्रवाही अणुकेंद्रे एकमेकांत सहज मिसळून एक होत असतील ना, म्हणजेच त्यांचे संमीलन सोपे होत असेल ना? शंका रास्त आहे, पण घर्षण नाही म्हणजे अडथळा नाही, असे मात्र होत नाही.

न्यूट्रॉन आणि प्रोटॉन अणुकेंद्रात आपापल्या जातीत जोड्या करून राहतात, हे बोर, मॉटेलसन आणि पाइन्स यांनी १९५८ मध्ये अतिसंवाहकतेच्या सिद्धांताशी साधर्म्य दाखवून सुचवले. शंभर कणांच्या अणुकेंद्रात अशी जोडी फोडायला सुमारे अडीच मेगा-इलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जा लागते. त्याच मापाची मोलिब्डेनमची दोन केंद्रे जवळ येताना विद्युत-प्रतिकर्षणाचा अडथळा दोनशे मेगा-इलेक्ट्रॉनव्होल्टच्या आसपास असतो. मग एवढीशी जोडी काय करणार?

आपल्याकडची रापण, म्हणजे किनाऱ्यावरून जाळे ओढून केलेली मासेमारी, आठवा. दोरीची दोन टोके दोन टोळ्या ओढतात आणि जाळे जवळ येऊ लागले की टोळ्याही एकमेकींकडे सरकतात. प्रत्येक टोळीची लय आतल्या आत पक्की असते; दोन्ही लयी जुळत नसतील, तर ओढाताण होते ती टोळ्या भेटतात तिथे. अणुकेंद्रातील सगळ्या जोड्यांचीही अशीच एक सामाईक लय असते, तिला कला (फेज) म्हणतात. दोन केंद्रांच्या कला वेगळ्या असल्या, तर त्यांना सांधणाऱ्या मानेत एक भिंत उभी राहते. तिची ऊर्जा कलांतराच्या, म्हणजे दोन कलांमधील फरकाच्या, निम्म्या कोनाच्या ज्येच्या (साइनच्या) वर्गाच्या प्रमाणात असते, म्हणजे लयी पूर्ण उलट असताना सर्वाधिक. माग्येर्स्की, सेकिझावा आणि व्लाझ्वोव्स्की यांनी २०१७ मध्ये संगणकीय गणिताने दाखवले की, ही भिंत संमीलन रोखू शकते आणि टकरीनंतर निघणाऱ्या तुकड्यांच्या गतिज ऊर्जेतही ठळक फरक पाडते.

उलट दिशेचा परिणामही आहे. ऊर्जेच्या दृष्टीने फायद्याचे असेल, तिथे न्यूट्रॉन, कधी जोडीनेही, एका केंद्रातून दुसऱ्यात जातात आणि अडथळ्याखालच्या ऊर्जेला संमीलन वाढते. निकेल-५८ स्वतःशी भिडण्यापेक्षा जास्त न्यूट्रॉन असलेल्या निकेल-६४ शी भिडते तेव्हा हे दिसते. त्यात न्यूट्रॉनांच्या या देवघेवीचा वाटा मानला जातो.

ड्युटेरियम आणि ट्रिशियम या जड हायड्रोजनांच्या संमीलन-भट्टीशी मात्र याचा संबंध नाही. दोन-तीन कणांत सामाईक लय कुठून येणार?

खरी गोम अशी की, कणांची संख्या निश्चित असलेल्या केंद्राला निश्चित कला नसते, त्यामुळे प्रत्येक टकरीत सगळी कलांतरे एकत्रच धरावी लागतात. प्रयोगात म्हणून एका वाढलेल्या अडथळ्याऐवजी अडथळ्यांचा रुंद पट्टा दिसायला हवा, आणि तसाच पट्टा केंद्रांच्या कंपनांमुळे व आकारामुळेही मिळतो.