ऑस्करच्या पिल्लांना किती मोठी टाकी लागेल?

ऑस्कर या शोभेच्या माशाची दोन इंची दोन पिल्लं आणली आहेत, दुकानदार म्हणतो की मासा टाकीच्या मापानेच वाढतो, तर २ फुटी टाकी पुरेल का, असं तुम्ही विचारलंय. पुरणार नाही. छोट्या टाकीत मासा लहान राहिलेला दिसतो तो साचलेल्या घाणीमुळे खुंटलेला असतो, आणि असे मासे लवकर मरतात.

ऑस्कर पूर्ण वाढला की १२ इंचांच्या आसपास जातो. नीट खाणंपिणं असेल तर पहिल्या वर्षात महिन्याला साधारण इंचभर वाढतो. म्हणजे २ फुटी टाकी जेमतेम तीन-चार महिने चालेल. मासे इंचांत मोजून लिटर ठरवण्याचा हिशेब इथे फसतो, कारण लांबी दुप्पट झाली की वजन सुमारे आठपट होतं आणि विष्ठा, अमोनिया त्याच मानाने वाढतात.

टाकी बघताना लांबीपेक्षा आधी रुंदी बघा. १२ इंचांच्या माशाला वळायला १८ इंच रुंदी हवीच. बाजारात १ फूट रुंदीच्या ४ फुटी टाक्याही मिळतात, दिसायला ऐसपैस असतात, पण ऑस्करच्या कामाच्या नाहीत. एका ऑस्करला ४ × १.५ × २ फूट (लांबी × रुंदी × उंची) हे माप मी किमान मानतो. घनफुटाला २८.३ लिटर धरले तर हे ३४० लिटर होतात. वरून दोन-तीन इंच रिकामे सोडल्यावर ३०० च्या आसपास. दोघांना ठेवायचं असेल तर ५ × २ × २ फूट, म्हणजे ५६६ लिटर. दुकानात 'जोडी' म्हणून दिले असतील तरी त्यावर जाऊ नका. ऑस्करचे नर-मादी वरून ओळखता येत नाहीत आणि मोठे झाल्यावर दोघे एकमेकांना फाडू शकतात. माझा सल्ला, एकच ठेवा आणि दुसरं आताच परत करा.

काचेवरचा दाब पाण्याच्या उंचीवर ठरतो. २ फूट उंचीला १२ मिमी काच घ्या, वरच्या कडेला काचेच्या आडव्या पट्ट्या लावून घ्या. घरी आणल्यावर टाकी भरून ४८ तास तशीच ठेवा आणि सांध्यांवरून कोरडा कागद फिरवा. थेंब सापडला तर पाणी काढून तो सांधा खरवडून नव्याने सिलिकॉन भरावा लागतो, वरून थापलेलं टिकत नाही. पाणी, काच आणि वाळू मिळून ४०० किलोंच्या वर वजन जातं. त्यामुळे लोखंडी अँगलचा स्टँड, वर प्लायवूड, त्यावर थर्माकोल, आणि भरण्याआधी पाणसळ लावून बघणं. एक पाय जरी खाली असला तरी तळाची काच पिळते. वरच्या मजल्यावर असाल तर टाकी भिंतीलगत, बीमच्या जवळ ठेवा.

फिल्टर तासाला टाकीचं पाणी सहा वेळा फिरवणारा हवा, म्हणजे ३०० लिटरला निदान २००० लिटरचा. खोक्यावरचा आकडा रिकाम्या पंपाचा असतो, स्पंज-सिरॅमिक भरल्यावर तो बराच उतरतो, म्हणून एक माप मोठाच घ्या. झाकण जड हवं, ऑस्कर उडी मारतो. वाळूत लावलेली झाडं तो उपटून टाकतो, त्यावर पैसे घालवू नका.

आणि नव्या टाकीत लगेच मासे सोडू नका. अमोनिया आणि नायट्राइट खाणारे जिवाणू फिल्टरमध्ये बसायला चार ते सहा आठवडे जातात. चालू असलेल्या टाकीतला मळका स्पंज नव्या फिल्टरमध्ये ठेवला तर हा काळ बराच कमी होतो. तो स्पंज नळाच्या पाण्याने धुऊ नका, क्लोरीनने जिवाणू मरतात. अमोनिया आणि नायट्राइट या दोन्हींच्या चाचण्या शून्य आल्या की मासा हलवा. नंतर आठवड्याला ३० टक्के पाणी बदला आणि नायट्रेट (हे जिवाणू शेवटी मागे ठेवतात तो पदार्थ) ४० पीपीएमच्या, म्हणजे लिटरमागे ४० मिलिग्रॅमच्या आत ठेवा.

इतकी जागा घरात नसेल तर ऑस्कर दुकानात परत द्या आणि २ फुटीत गप्पी किंवा छोटे टेट्रा पाळा, ते त्यात आयुष्यभर सुखाने राहतात. मोठा झालेला मासा नदीत किंवा तलावात मात्र कधीही सोडू नका. काचा साफ करायला म्हणून विकला जाणारा सकर मासा आज उजनीच्या जलाशयात मच्छीमारांच्या जाळ्यात येतो आणि त्याच्या काट्यांनी जाळी फाटतात.