कस्टम इम्प्लांटच्या कॉम्प्युटर मॉडेलिंगवर पीएचडी करायची आहे, कुठलं सॉफ्टवेअर शिकू?

तुम्ही रत्नागिरीचे, एम.टेक. मेकॅनिकलमध्ये झालेलं, लोणेऱ्याच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठात पीएचडीचा विचार, आणि मेडिकलची काहीच पार्श्वभूमी नाही असं लिहिलंय. सॉफ्टवेअर सगळ्यात शेवटी ठरवा. आधी एक हाड आणि एक प्रश्न पक्का करा.

माझं मत विचाराल तर खालचा जबडा घ्या. आपल्याकडे तंबाखू आणि मशेरीमुळे तोंडाचे कॅन्सर होतात, जबड्याचा तुकडा काढावा लागतो आणि तिथे टायटॅनियमची प्लेट बसवतात. ती कधी तुटते, कधी तिचे स्क्रू ढिले होतात. 'चांगलं इम्प्लांट डिझाइन करणं' हा संशोधनाचा प्रश्न होत नाही. 'प्लेट नेमकी कुठे आणि का तुटते' हा होतो.

पहिली अडचण सीटी स्कॅनची. स्लाइस (स्कॅनचा एक काप) 1 मि.मी. किंवा त्याहून पातळ हवी, 0.625 मिळाली तर उत्तम. 3 मि.मी.च्या स्लाइसवरून हाड उभं केलंत तर त्याचा पृष्ठभाग डोंगरउतारावरच्या भातखाचरांसारखा पायऱ्यापायऱ्यांचा दिसतो. मग त्या पायऱ्या घालवायला लोक स्मूदिंग करतात, म्हणजे पृष्ठभाग गुळगुळीत करतात. साध्या लाप्लासियन स्मूदिंगने हाड आक्रसतं आणि प्लेट हाडाला नीट टेकत नाही, म्हणून टाउबिन पद्धत वापरा. स्कॅनरची गॅन्ट्री (रुग्णाभोवतीचं कडं) तिरकी होती का, तेही डायकॉम फाइलच्या, म्हणजे स्कॅनच्या मूळ फाइलच्या, हेडरमध्ये बघा. तिरकी असेल आणि सुधारली नाही तर अख्खा जबडा कललेला निघतो. दातांत चांदी भरलेली असेल तर तिथून रेषा फुटतात, तो भाग हातानेच साफ करावा लागतो. हे सगळं मोफत मिळणाऱ्या 3डी स्लायसरमध्ये होतं. हाड वेगळं काढायला 226 हाउन्सफिल्डच्या (सीटीवरच्या घनतेचं एकक) थ्रेशोल्डपासून सुरुवात करतात, पण तो आकडा आंधळेपणाने धरू नका. पातळ हाड त्यात गायब होतं.

खरं काम लोडचं, म्हणजे मॉडेलवर कुठला जोर कुठे लावायचा याचं आहे, आणि बहुतेक प्रबंध इथेच कच्चे राहतात. निरोगी माणसाच्या चावण्याचा जोर कापलेल्या जबड्यावर तसाच लावला जातो. ऑपरेशनमध्ये त्या बाजूचा मॅसेटर किंवा टेरिगॉइड हा चावण्याचा स्नायू बऱ्याचदा सुटलेला असतो, मग तो मॉडेलमध्ये ओढतो कसा? कुठला स्नायू कापला, कुठला परत शिवला, हे सर्जनला विचारून लिहून घ्या. दुसरी चूक म्हणजे कानाजवळच्या सांध्यातला जबड्याचा गोल माथा, म्हणजे कंडाइल, सगळ्या दिशांनी जखडून टाकणं. तो सांध्यातल्या चकतीवर (डिस्कवर) सरकतो. जखडलात तर जबडा खोटा ताठ होतो आणि प्लेटवरचा ताण चुकतो.

मटेरियलचं थोडक्यात: टीआय-6एएल-4व्ही या टायटॅनियमच्या मिश्रधातूचा ताठपणा (यंग मॉड्युलस) साधारण 110 गिगापास्कल, घट्ट हाडाचा 15 ते 20. ही तफावत असल्याने प्लेट भार स्वतःवर घेते आणि शेजारचं हाड विरळ होत जातं.

मेशिंगला, म्हणजे मॉडेलचे छोटे तुकडे पाडायला, दहा नोडचे (बिंदूंचे) टेट्राहेड्रॉन (चार पृष्ठांचे तुकडे) घ्या, चार नोडचे वाकवताना फाजील ताठ वागतात. मेश बारीक करत न्या आणि ताण 5 टक्क्यांच्या आत स्थिरावतो का ते पाहा. स्क्रूच्या भोकाच्या टोकदार कोपऱ्यात तो कधीच स्थिरावणार नाही, वाढतच जाईल. तो आकडा प्रबंधात 'कमाल ताण' म्हणून छापू नका. कोपऱ्याला खरी गोलाई द्या, नाहीतर कोपऱ्यापासून ठरावीक अंतरावर मोजा.

पडताळणी न करता डिझाइन बदलायला बसू नका. थ्रीडी प्रिंट केलेल्या जबड्यावर प्लेट बसवा, स्ट्रेन गेज (किती ताणलं गेलं ते मोजणारी पट्टी) चिकटवा, यंत्रावर दाबा आणि त्याच प्लास्टिकचे गुणधर्म मॉडेलमध्ये भरून आकडे जुळवा. एएसएमई या अमेरिकेतल्या मेकॅनिकल इंजिनिअरांच्या संस्थेचं व्हीअँडव्ही 40 हे मानक पहिल्याच वर्षी वाचा. मॉडेलवर कशासाठी आणि किती विसंबायचं, ते कसं ठरवायचं हे त्यात आहे.

हॉस्पिटलच्या एथिक्स कमिटीच्या परवानगीला महिने लागतात, तेव्हा नोंदणी झाली की लगेच अर्ज टाका. स्कॅनमधलं रुग्णाचं नाव हॉस्पिटलमध्येच पुसून घ्या. डोक्याच्या सीटीवरून चेहराही उभा करता येतो, म्हणून बाहेर कुणाला द्यायची वेळ आली तर फक्त हाडाचा पृष्ठभाग द्या.

आणि पावसाळ्यात वीज जाते हे गृहीत धरूनच सॉल्व्हर (मॉडेलचं गणित सोडवणारा प्रोग्राम) चालवा. यूपीएस लागेलच, पण रीस्टार्ट फाइल चालू ठेवा, म्हणजे दोन दिवसांचं नॉनलिनियर गणित पुन्हा पहिल्यापासून करावं लागणार नाही.