मोटरहोमसाठी जास्त वर्षं टिकणाऱ्या हाउस बॅटऱ्या कोणत्या घ्याव्यात?

तुम्ही विचारलंय की हाउस बॅटऱ्या, म्हणजे गाडीतला फ्रीज-पंखा-दिवे चालवणाऱ्या, १५० एएचच्या (अँपिअर-अवर, साठवणक्षमता) दोन ट्युब्युलर (पाणी घालायच्या लेड-ॲसिड) बॅटऱ्या दोन वर्षांत बसल्या, आता कुठल्या कंपनीच्या घेऊ? त्याच प्रश्नात पुढे लिहिलंय की गाडी महिन्यातून एखाद-दोनदा निघते, एरवी घोडबंदरला सोसायटीच्या उघड्या पार्किंगमध्ये उभी असते. मेख तिथेच आहे. अशा वापरात कंपनी बदलून काही फरक पडणार नाही.

मी तुर्भ्यात गाड्यांचं इलेक्ट्रिकचं काम करतो, हल्ली कॅम्पर व्हॅनही येतात. त्यांतल्या बहुतेक लेड-ॲसिड बॅटऱ्या वापरून झिजलेल्या नसतात, अर्धवट चार्ज होऊन उभ्या राहिल्यामुळे गेलेल्या असतात. चार्ज अपुरा राहिला की प्लेटांवर सल्फेट धरतं, आणि ते जुनं झालं की निघत नाही. शिवाय शेवटचे २० टक्के भरायला कितीही मोठा चार्जर लावा, काही तास जातातच. ठाण्याहून माळशेजला जाईपर्यंत ट्युब्युलर पूर्ण भरत नाही. तिथे रात्रभर फ्रीज चालतो, दुसऱ्या दिवशी परत, आणि गाडी तशीच उभी. वर ऊन. लेड-ॲसिडचं आयुष्य साधारण २५ अंशांचं धरून सांगितलेलं असतं. त्यावर दर आठ-दहा अंशांना ते जवळपास निम्मं होतं. मे महिन्यात बंद गाडीत काय तापतं ते ठाणेकराला वेगळं सांगायला नको.

एक मिनीबस आली होती, तुमच्यासारखीच. सीटखालचा खण उघडला तर टर्मिनलवर पांढरी-हिरवी बुरशी, एका बॅटरीत पाणी इतकं खाली की प्लेटा उघड्या. इंजिन चालू करून मीटर लावला. अल्टरनेटरवर १४.२ व्होल्ट, मागे बॅटरीवर १३.३. पुढून मागे आणलेली वायर ६ स्क्वेअर एमएमची! जवळपास एक व्होल्ट वायरच खात होती. तिथे सोन्याची बॅटरी बसवली असती तरी भरली नसती. तेव्हा नवीन काही घ्यायच्या आधी हे माप तुमच्या गाडीत घ्या.

आता माझं मत. २०० एएचची एकच एलएफपी, म्हणजे लिथियम आयर्न फॉस्फेट, घ्या. तुमच्या दोन ट्युब्युलर मिळून ३०० एएच, पण त्या टिकवायच्या तर निम्म्याच वापरायच्या, म्हणजे १५०. एलएफपीतून ८० टक्के बिनघोर काढता येतात, म्हणजे १६०. वजन शंभर किलोंच्या वरून पंचवीसच्या आसपास येतं. चांगल्या सेलची बॅटरी २,००० ते ४,००० सायकल, म्हणजे तितक्या वेळा भरून-रिकामी होईपर्यंत, चालते. पण तुमच्यासाठी या सगळ्यापेक्षा मोठा गुण म्हणजे अर्धवट चार्ज तिला बाधत नाही, उलट मानवतो. गाडी उभी ठेवताना ५०-६० टक्क्यांवर ठेवा आणि मेन आयसोलेटर (बॅटरी तोडणारा मुख्य स्विच) बंद करा. पूर्ण भरून उन्हात ठेवणं तिलाही वाईटच.

हिशेब युनिटमध्ये करा, घरच्या बिलासारखा. बारा व्होल्टचा छोटा कॉम्प्रेसर फ्रीज, एक बीएलडीसी (कमी वीज खाणारा) पंखा, दिवे, मोबाइल-लॅपटॉप मिळून दिवसाला एक युनिट धरा. १६० एएच म्हणजे साधारण दोन युनिट. दोन रात्री आरामात. एक टनाचा एसी रात्रभर चालवायचा असेल तर चार-पाच युनिट लागतात. तो विचार बॅटरीवर करू नका, हुकअप, म्हणजे बाहेरून वीज जोडायची सोय, शोधा. इंडक्शन मात्र चालेल, फक्त १,५०० वॅटला बॅटरीतून १२५ ते १४० अँपिअर जातात. म्हणून बीएमएस (बॅटरीतलं संरक्षण सर्किट) सलग २०० अँपिअर सोसणारा हवा. फ्यूज पॉझिटिव्ह टर्मिनलला अगदी लागून, क्लास टी (मोठा शॉर्टसर्किट करंट तोडणारा) असेल तर उत्तम.

दुकानात नुसतं 'लिथियम' ऐकून पैसे देऊ नका. लेबलवर १२.८ व्होल्ट छापलेलं असेल तर ती चार सेलची एलएफपी. ११.१ किंवा १४.८ दिसलं तर बहुधा वेगळी केमिस्ट्री, ती या कामाला नको. वॉरंटी कार्डात वाहनातला वापर चालतो का, तेही उभ्या उभ्या वाचून घ्या. पुढेमागे थंडीत स्पितीला जायचा बेत असेल तर शून्य अंशाखाली चार्जिंग आपोआप तोडणारी बॅटरी घ्या. त्या थंडीत चार्ज केली तर सेल कायमचे खराब होतात.

अल्टरनेटरला ती थेट जोडू नका. वायरमन 'रिले आहे ना, चालतंय' म्हणेल. एलएफपी मिळेल तेवढा करंट ओढते, आणि घोडबंदरच्या ट्रॅफिकमध्ये आयडलिंगवर अल्टरनेटरचा पंखा हळू फिरत असतो. तो तापून जळतो. मध्ये ३० अँपिअरचा डीसी-डीसी चार्जर (करंटला मर्यादा घालणारा) बसवा; तीन तासांत ९० एएचच्या आसपास जातात. वायरमधला ड्रॉपही तो सांभाळतो, तरी वायर जाड टाकाच. इन्व्हर्टरचा जुना चार्जर ठेवणार असाल तर त्यातलं इक्वलायझेशन (लेड-ॲसिडसाठीचं जास्त व्होल्टेजचं चार्जिंग) बंद करून व्होल्टेज १४.२ ते १४.४ वर लावा. बॉनेटखालची स्टार्टिंगची बॅटरी आहे तशी लेड-ॲसिडच राहू द्या.

एलएफपीला सुरुवातीला दुप्पट-तिप्पट पैसे जातात, खोटं कशाला बोलू. एवढ्यात जमत नसेल तर एजीएम (पाणी न लागणारी सीलबंद लेड-ॲसिड) घ्या आणि टपावर १०० वॅटचं पॅनल कंट्रोलरसह लावा. पार्किंग उघडं आहे त्याचा तेवढा तरी फायदा होऊ दे. उभ्या गाडीत बॅटरी भरलेली राहिली की सल्फेटचं दुखणं बरंच कमी होतं. पाण्याची ट्युब्युलर मात्र झोपायच्या जागेखाली पुन्हा ठेवू नका. चार्ज होताना ती हायड्रोजन सोडते, आणि घाटात ॲसिड हिंदकळतं ते वेगळंच.

जुन्या दोन्ही बॅटऱ्या भंगारवाल्याला न देता डीलरकडे एक्स्चेंजमध्ये द्या. शिशाचा भाव किलोवर मिळतो, वजन करताना समोर उभे राहा.