स्वतःची गाडी घेऊन रोडने सात-आठ देश करायचे आहेत, व्हिसा आधी काढायचे की गाडीचे परमिट? सगळं निघायच्या आधीच लागतं का?

मी आणि माझा भाऊ साडेचार महिने गाडीने फिरून आलोय आणि त्यात कागदांचं खातं पूर्ण माझ्याकडे होतं, त्यामुळे जे स्वतः भोगलंय त्यावरून सांगते. तुमचा रूट तुम्ही लिहिला नाहीये म्हणून उदाहरणं वेगवेगळ्या बाजूची देते, त्यातलं तुम्हाला लागू पडेल ते घ्या.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा. बॉर्डरवर दोन प्रवासी क्रॉस होत असतात, एक तुम्ही आणि दुसरी तुमची गाडी. तुम्हाला इमिग्रेशन आत घेतं, गाडीला कस्टम्स घेतं. दोन ऑफिसं, दोन शिक्के, दोन वेगळ्या मुदती, आणि एका खिडकीवरच्या माणसाला दुसऱ्या खिडकीत काय चाललंय याच्याशी काही देणंघेणं नसतं. व्हिसाबद्दल सगळे बोलतात कारण विमानाने जाताना तेवढाच लागतो. गाडीचा कागद मागे पडतो आणि नेमका तोच नंतर रडवतो.

मुदती किती वेगळ्या असतात बघा. शेंगेनमध्ये, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपातल्या देशांत, तुम्हाला कुठल्याही १८० दिवसांत ९० दिवस राहता येतं, पण बाहेरून आलेली गाडी युरोपियन युनियनमध्ये सहा महिने ठेवता येते. अर्जेंटिनात टुरिस्टला साधारण ९० दिवस आणि त्याच्या गाडीला आठ महिने. रशियाच्या बाजूला उलटा अनुभव येऊ शकतो, म्हणजे गाडीला नियमाने भरपूर मुदत असते पण कस्टम्सवाला तुमच्या व्हिसाची शेवटची तारीख बघून तीच गाडीच्या कागदावर टाकून मोकळा होतो. आणि रशिया, कझाकस्तान, किर्गिझस्तान, बेलारूस, आर्मेनिया यांचं कस्टम्स एकच असल्याने हा पहिल्या बॉर्डरवर मिळालेला कागद पुढच्या देशातही तोच चालतो, तारीख चुकली तर दोन देश पुढे जाऊन गळ्याशी येते. म्हणून तिथे खिडकीवरच उभं राहून तारीख वाचायची आणि पुढे अजून कुठे जायचंय ते सांगून वाढवून मागायची, रांग कितीही ओरडू दे. रशियातून कझाकस्तानात गेलो की झालं म्हणून तो कागद फेकून देऊ नका, ह्या पाच देशांच्या कुंपणाबाहेर पडताना तो परत द्यायचा असतो.

आता क्रम. लोक नकाशावरच्या पहिल्या देशापासून सुरुवात करतात, ते करू नका. सगळ्यात अरुंद दार कुठलं ते शोधा, म्हणजे जिथे तारीख आणि गेट दोन्ही आधीच ठरवून द्यावे लागतात असा देश, आणि तिथून मागे-पुढे मोजत या. चीन वाटेत असेल तर तेच ते दार. तिथे कार्नेट (गाडीचं पासपोर्टसारखं पुस्तक, पुढे सांगते) चालत नाही, इंटरनॅशनल लायसन्स चालत नाही, तिथल्या एजन्सीमार्फत रूट मंजूर करून घ्यावा लागतो, तात्पुरती नंबर प्लेट आणि तात्पुरतं लायसन्स काढावं लागतं आणि गाईड सोबत असतो. हे काम काही महिने आधी सुरू करायचं असतं आणि आत शिरायची तारीख एकदा ठरली की ठरली, तुम्ही किर्गिझस्तानात रमलात म्हणून चीनच्या बॉर्डरवरच्या तोरुगार्त खिंडीवर उद्या आलो तर चालेल का असं म्हणता येत नाही. त्यामुळे अशा देशाच्या आधी निदान आठवडाभर मोकळा ठेवा. गाडी बिघडते, पोट बिघडतं, बर्फ पडतो.

अरुंद दार ठरलं की मग बाकीचे व्हिसा दोन ढिगांत टाका. एका ढिगात असे की जे फक्त तुम्ही कायदेशीर राहता त्या देशातूनच अर्ज करून मिळतात, शेंगेन त्यातलाच, तो प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो त्याच्या आधी नाही. दुसऱ्या ढिगात ई-व्हिसावाले, जे वाटेत लॅपटॉप उघडून काढता येतात. पहिला ढीग निघायच्या आधी संपवायचा, दुसरा मुद्दाम राखून ठेवायचा, कारण बऱ्याच ई-व्हिसांचं घड्याळ तुम्ही टाकलेल्या तारखेपासून चालू होतं आणि गाडीच्या प्रवासात चार महिन्यांनंतरची तारीख सांगणं म्हणजे ज्योतिष झालं. तेव्हा सगळं निघायच्या आधी लागतं का, तर नाही, आणि सगळं आधी काढलंत तर उलट फसाल.

ई-व्हिसात एक खड्डा आहे ज्यात बरेच जण पडतात. व्हिसा मिळाला म्हणजे जमिनीवरून आत जाता येतं असं नाही. काही देश ई-व्हिसावर फक्त ठराविक चेकपोस्टवरूनच घेतात, रशियाची अशी यादीच आहे, आणि तुमची बॉर्डर त्या यादीत आहे का हे नावानिशी शोधायचं. अझरबैजानचं तर अजून गमतीशीर, ई-व्हिसा मिळतो पण २०२० पासून तिथल्या जमिनीवरच्या बॉर्डर साध्या प्रवाशांना बंद ठेवल्यात, म्हणजे विमानाने या, गाडीने नको. त्यामुळे जॉर्जियातून बाकू आणि तिथून कॅस्पियन समुद्रातून फेरीबोट हा जुना लाडका रूट आपोआप कापला जातो आणि गाड्या जॉर्जियातून वर लार्सच्या घाटाने रशियात जातात, जो हिवाळ्यात बर्फ आणि हिमकड्यांमुळे मधूनमधून बंद होतो. तुम्ही निघाल तेव्हा यातलं काहीपण बदललेलं असू शकतं, म्हणून त्याच महिन्यात त्या बॉर्डरवरून गेलेल्या माणसाचं ऐका, दोन वर्षांपूर्वीच्या व्हिडिओचं नको. आणि काही भागांना व्हिसावर वेगळं परमिट लागतं, ताजिकिस्तानात पामीर हायवे करायचा तर गोर्नो-बदख्शानचं परमिट, ते ई-व्हिसाच्या अर्जातच सोबत मागता येतं. अर्ज भरताना तो चौकोन सुटला की मग शोधाशोध.

आता गाडी. काही देशांत बॉर्डरवरच तात्पुरत्या आयातीचा कागद करून देतात, पैसे किरकोळ, विषय संपला. मेक्सिकोसारख्या ठिकाणी गाडीच्या मॉडेलच्या वर्षाप्रमाणे २०० ते ४०० डॉलर डिपॉझिट घेतात आणि बाहेर पडताना परमिट रद्द करून घेतलं तरच ते परत. पण इराण, पाकिस्तान, भारत, इजिप्त अशा देशांत गाडी न्यायची तर कार्नेट लागतं. हे गाडीच्या पासपोर्टसारखं पुस्तक असतं, आपापल्या देशातला ऑटोमोबाइल क्लब देतो, वर्षभर चालतं, आणि त्याच्या बदल्यात गाडीच्या किमतीच्या हिशोबाने बँक गॅरंटी किंवा डिपॉझिट ठेवावं लागतं. रक्कम कुठले देश करणार त्यावर ठरते आणि ती ऐकून बरेच जण ट्रिपच रद्द करतात, म्हणून व्हिसाला हात लावायच्या आधी हा आकडा विचारून घ्या. तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर इथेच आहे खरं तर.

पुस्तक हातात आलं की लगेच गाडीपाशी जा. आमचं आलं तेव्हा भाऊ बॉनेट उघडून टॉर्च तोंडात धरून इंजिन नंबर वाचत होता आणि मी पुस्तकात बोट फिरवत होते, सहावं अक्षर त्याने आठ म्हटलं आणि माझ्याकडे बी छापलेलं. इंजिनवर आठ, आरसीवर आठ, कार्नेटवर बी. मला वाटलं कोण बघतंय एवढं, पण भावाने ऐकलं नाही, नऊ दिवस गेले आणि नवीन पुस्तक आलं. त्याचं बरोबर होतं, दोन बॉर्डरवर खरंच बॉनेट उघडायला लावून नंबर ताडून बघितला.

कार्नेटच्या प्रत्येक पानाचे तीन तुकडे असतात. आत जाताना कस्टम्स एक तुकडा फाडून घेतं, बाहेर पडताना दुसरा, आणि पुस्तकात राहणाऱ्या तिसऱ्या तुकड्यावर दोन्ही वेळचे शिक्के पडायला हवेत. आता आमची फजिती ऐका. एका देशातून बाहेर पडताना संध्याकाळ झालेली, पासपोर्टवर शिक्के बसले, एका युनिफॉर्मवाल्याने पुस्तक चाळलं, परत दिलं, दांडा वर गेला आणि हातानेच जा जा केलं. आम्हीपण दमलेलो, गेलो. पुढच्या देशाने त्याच्या पानावर त्याचं काम केलं, मागचं पान कुणी बघितलंच नाही. अकरा दिवसांनी मी रात्री खोलीत सगळे कागद पसरून बसले होते तेव्हा दिसलं, आदल्या देशाच्या पानावर आत आल्याचा शिक्का आणि शेजारची बाहेरची जागा कोरी करकरीत, फाडायचा तुकडा तसाच चिकटलेला. म्हणजे आम्ही दोघं कायद्याने बाहेर आणि गाडी कायद्याने अजून आतच. परत जाऊन शिक्का मारून आणावा तर व्हिसा सिंगल एंट्री, तो वापरून संपलेला. चूक त्यांची तेवढीच माझी, कारण दांडा वर गेला म्हणजे काम झालं असं मी धरून चालले. त्यानंतर मी प्रत्येक बॉर्डरवर गाडी हलायच्या आधी पान उघडून भावाला दाखवायची आणि फोटो काढायची, तो चिडायचा पण थांबायचा.

तुम्ही दोघं-तिघं जाणार असाल आणि मध्येच कुणी विमानाने परतणार असेल तर हे नीट वाचा. आमची गाडी भावाच्या नावावर होती आणि मूळ प्लॅन असा की तो इस्तंबूलहून महिनाभर घरी जाईल आणि गाडी मी पुढे नेईन. तुर्कस्तानात गाडीची नोंद तिला आत आणणाऱ्याच्या नावाशी जोडली जाते, तो माणूस गाडी तशीच सोडून देशाबाहेर उडून जाऊ शकत नाही, ती कस्टम्सच्या ताब्यात द्यावी लागते. हे आम्हाला तिकीट काढल्यावर कळलं, पैसे गेले. म्हणून कोण कुठे उतरणार ते ठरवून मगच गाडी कोणी आत न्यायची ते ठरवा, आणि मालक सोबत नसेल तर नोटरी केलेलं संमतीपत्र, शक्य असेल तिथे त्या देशाच्या भाषेतल्या भाषांतरासकट ठेवा.

लायसन्स आणि इन्शुरन्सचं थोडक्यात. इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिटची पुस्तकं दोन वेगळ्या करारांची असतात, १९४९च्या जिनिव्हा कराराचं एक वर्ष चालतं, १९६८च्या व्हिएन्ना कराराचं जास्तीत जास्त तीन वर्षं, कुठला देश कुठलं मानतो ते बघून घ्या आणि लायसन्स ज्या देशाचं आहे तिथूनच काढा, ऑनलाइन झटपट मिळणाऱ्या रंगीत कार्डांना बॉर्डरवर काडीची किंमत नाही. इन्शुरन्सचं ग्रीन कार्ड, म्हणजे एकाच वेळी बऱ्याच देशांत चालणारा इन्शुरन्सचा कागद, मिळालं तर त्यावर देशांचे कोड छापलेले असतात आणि काहींवर काट मारलेली असते, काट मारलेला देश म्हणजे तिथे ते चालत नाही. जॉर्जियात परदेशी गाड्यांना मार्च २०१८ पासून तिथला इन्शुरन्स सक्तीचा आहे. आणि हे सगळे इन्शुरन्स समोरच्याचं नुकसान भरतात, तुमच्या गाडीचं नाही.

एजंटला द्यायचं की स्वतः करायचं हे तुम्ही विचारलं नाहीत पण विचाराल. चीनसारख्या ठिकाणी पर्यायच नाही, बाकी मी स्वतः केलं असतं आणि केलंच, कारण एजंट व्हिसा आणून देतो, रात्री दहाला बॉर्डरवर पुस्तकाचं पान तुम्हालाच वाचायचं असतं.

आमच्या कोऱ्या पानाचं काय झालं, तर गाडी परत आल्यावर घरच्या कस्टम्सकडून ती खरंच इथे उभी आहे असा दाखला करून घ्यावा लागला, तो कार्नेटबरोबर क्लबकडे दिला, पुढच्या देशाचा आत घेतल्याचा शिक्का उपयोगी पडला, तरी डिपॉझिट सुटायला सात महिने लागले. तपासायला आलेल्या अधिकाऱ्याने बॉनेट उघडायला लावलं, चष्मा कपाळावर ढकलला, बराच वेळ वाकून बघत राहिला आणि विचारलं, हे सहावं बी आहे का? आम्ही दोघं एकदम ओरडलो, आठ.