वाचकांचे प्रश्न : न संपणाऱ्या लिस्टची बरोबरी

प्रश्न : आयर्विन पुलाजवळच्या कृष्णेच्या पाणीपातळीच्या दोन ठिकाणांहून येणाऱ्या नोंदी ताडून पाहणारा प्रोग्रॅम मी हास्केल या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत लिहीत आहे. जुन्या फायलींसाठी तो नीट चालतो. पण सतत वाढणाऱ्या दोन लेझी लिस्ट समान आहेत का असे विचारले, की कधी क्षणात ‘नाही’ असे उत्तर येते, तर कधी प्रोग्रॅम थांबतच नाही. असे का होते?
— एक विद्यार्थिनी, विश्रामबाग, सांगली

उत्तर : लेझी लिस्टमधला घटक मागितल्याखेरीज तयार होत नाही, आणि बरोबरीची तपासणी दोन्हीकडचे घटक एकेक करून क्रमाने मागत जाते. फरक सापडला, की ती तिथेच ‘नाही’ म्हणून थांबते. त्यामुळे १ पासून आणि २ पासून सुरू होणाऱ्या दोन अनंत लिस्ट पहिल्याच घटकाला वेगळ्या ठरतात. ‘होय’ म्हणण्यासाठी मात्र दोन्ही लिस्ट संपाव्या लागतात, आणि आपल्या लिस्ट संपत नाहीत.

हा हास्केलचा दोष नव्हे. एखादा प्रोग्रॅम चालू असेपर्यंत ० आणि थांबल्यावर १ देणारी लिस्ट नुसत्या शून्यांच्या लिस्टशी ताडून हमखास उत्तर मिळाले असते, तर तो प्रोग्रॅम कधी थांबेल का हेही कळले असते. आणि हे सर्वच प्रोग्रॅमबाबत ठरवून देणारी रीत असू शकत नाही, हे गणितज्ञ ॲलन ट्युरिंग यांच्या १९३६ च्या कामापासून ठाऊक आहे.

हास्केलमधले ‘टेक’ हे फंक्शन वापरून सुरुवातीचे काही घटक तपासता येतात, पण त्यावरून पुढचे अनुमान काढू नये. वर्तुळावरचे बिंदू एकमेकांना रेषांनी जोडले, तर बिंदूंच्या वाढत्या संख्येनुसार वर्तुळाचे जास्तीत जास्त १, २, ४, ८, १६ भाग होतात. दुपटीची लिस्टही इथवर हुबेहूब तशीच असते. सहाव्या जागी मात्र एकीकडे ३१ येतात, दुसरीकडे ३२.

आपल्या कामासाठी मुदत ठरवणे हाच खरा मार्ग आहे. नोंदी वेळेनुसार लावलेल्या असतील, तर ‘टेकव्हाइल’ने (अट पाळली जाते तोवरचेच घटक घेणाऱ्या फंक्शनने) दोन्हीकडून काल मध्यरात्रीपर्यंतचाच भाग घ्यावा आणि तो ताडावा. आधी लांबी मोजण्याचा मोह टाळावा, कारण अनंत लिस्टची लांबी मोजताना पहिल्याच घटकातला उघड फरकही हाती लागत नाही. ‘झिपविथ’ने जोड्या लावून तपासणार असाल, तर अधिकच जपावे : ते आखूड लिस्टपाशी थांबते, म्हणून एका बाजूच्या शेवटच्या नोंदी गळालेल्या असल्या तरी उत्तर ‘समान’ असेच येते.